मेंदूचा नकाशा आणि त्याची दुरुस्ती

नकाशांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र, शिडाची जहाजे आणि नवे किनारे धुंडाळणारे दर्यावर्दी उभे राहतात. आज ज्या नकाशासंबंधी मी चार शब्द सांगणार आहे, त्याचा मुलूख मात्र इतका जवळचा आहे की, हे पान वाचताना तुम्ही तोच वापरीत आहात. हा मुलूख म्हणजे माणसाच्या मेंदूचे वरचे आवरण. शरीरशास्त्रात त्याला बाह्यक म्हणतात. त्याचा नकाशा काढण्याचे प्रयत्न शतकानुशतके चालले, आणि अलीकडे ते काम बहुतांशी संगणकाच्या हाती गेले. पण संगणकाच्या नकाशातही चुका निघू लागल्या. आणि त्या कोणी, कशा आणि कोणत्या आधारावर दुरुस्त करावयाच्या, हा प्रश्न उभा राहिला. इतिहासाच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, जुना कागद असो वा नवी प्रतिमा असो, पुराव्यातली चूक दुरुस्त करताना माणसाची जी कसोटी लागते, ती दोन्हीकडे एकच असते.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. अक्रोड फोडला की आतल्या गराच्या वळ्या दिसतात. मेंदूचे वरून होणारे दर्शन साधारण तसेच असते. पण ही उपमा फार पुढे नेता येत नाही. बाह्यक म्हणजे खरे तर एक पातळ पडदा आहे. त्याची जाडी जागोजाग निराळी, 1 पासून साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि सरासरीने सुमारे अडीच मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंचा पडदा उलगडून सपाट पसरला, तर तो वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा भरेल. आता एवढे पान कवटीत बसवायचे म्हणजे ते चुरगाळल्याशिवाय कसे बसणार? निसर्गाने तेच केले आहे. या पडद्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग खाचांमध्ये दडलेला आहे आणि उरलेला तेवढा वळ्यांच्या माथ्यावर आपल्याला दिसतो. पडदा करड्या रंगाचा, आणि त्याच्या आतला, मज्जातंतूंच्या जुडग्यांचा भाग पांढरा. करड्याची आणि पांढऱ्याची सीमा कोठे, आणि करड्याची बाहेरची कड कोठे, या दोन रेघा काढल्या की नकाशा झाला. ऐकायला किती सोपे वाटते!

जुन्या लोकांना या वळ्यांचे फारसे महत्त्व वाटत नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रसिद्ध वैद्य गेलन याने, वळ्यांचा आणि बुद्धीचा काही संबंध आहे ही कल्पनाच उडवून लावली. त्याचे म्हणणे असे की, गाढवाच्या मेंदूलाही भरपूर वळ्या असतात! या शेऱ्याचा दाब पुढे कित्येक शतके राहिला. 1543 साली वेसेलियसने आपल्या शरीररचनेच्या महान ग्रंथात मेंदूची सुरेख चित्रे दिली. पण त्यांतल्या वळ्या पाहून कोणती कोठली हे ओळखता येत नाही. 1664 साली इंग्लंडमध्ये टॉमस विलिसचे मेंदूवरचे पुस्तक निघाले. त्यासाठी ख्रिस्तोफर रेनने चित्रे काढली. लंडनचे सेंट पॉलचे आजचे मंदिर ज्याने बांधले तोच हा रेन. तरीही प्रत्येक वळीला तिची ठरलेली जागा आहे आणि ती माणसामाणसांत ओळखता येते, ही जाण पक्की व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1854 साली फ्रान्समध्ये ग्राशिओले याने माणसाच्या आणि वानरांच्या मेंदूंतील घड्यांची पद्धतशीर तुलना केली. 1909 साली जर्मनीत कॉर्बिनियन ब्रॉडमनने सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी पाहून बाह्यकाचे प्रदेश पाडले आणि त्यांना 52 पर्यंत अनुक्रमांक दिले. ते क्रमांक आजही अभ्यासकांच्या तोंडी आहेत. 1925 साली व्हिएन्नामध्ये फॉन इकोनोमो आणि कोस्किनास यांनी ठिकठिकाणच्या जाडीची मापेही प्रसिद्ध केली.

ही सारी मंडळी थोर खरी. पण त्यांच्या हाती मेंदू येई तो मृताचा. त्यात आणखी एक अडचण. एखाद्या पडद्याची जाडी मोजायची तर सुरी त्याला काटकोनात लागली पाहिजे. ती तिरपी लागली की माप उगाच मोठे दिसते. काकडीची चकती तिरपी कापली की लांबट येते, तसेच हे. आणि चुरगाळलेल्या पडद्यात सुरी कुठेतरी तिरपी लागणारच.

जिवंत माणसाच्या मेंदूचे स्पष्ट दर्शन होण्याची वाट 1973 साली मोकळी झाली. त्या वर्षी पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली. 2003 साली या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. हीच आपल्या परिचयाची एम.आर.आय. तपासणी.

परंतु वाचकहो, एम.आर.आय.चे यंत्र नकाशा देत नाही. ते देते ठोकळे! सामान्यतः एक मिलिमीटर बाजू असलेले हे चिमुकले ठोकळे असतात, आणि प्रत्येकावर तो किती उजळ आहे याचा एक आकडा असतो. 256 रांगा, 256 ओळी आणि 256 थर धरले, तर त्यांची संख्या 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 होते. इथे करडा भाग संपला, इथून पांढरा लागला, असे एकाही ठोकळ्यावर लिहिलेले नसते. ते कोणीतरी ठरवावे लागते. शिवाय खाचेच्या दोन काठांवरच्या जागा सरळ रेषेत एकमेकींपासून दोन मिलिमीटरांवर असल्या, तरी पडद्यावरून चालत गेले तर मधे तीनचार सेंटिमीटरांची वाट पडते. नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे असावीत, पण पूल नसल्यामुळे उगमाला वळसा घालून जावे लागावे, तशातला हा प्रकार. म्हणून ठोकळ्यांचा ढीग पुरेसा नाही. पडदा पडदा म्हणूनच हाती यावा लागतो.

1980 साली व्हॅन एसेन आणि मॉन्सेल यांनी मेंदूच्या कापांवरून बाह्यकाचे सपाट नकाशे हाताने तयार करण्याची पद्धत मांडली. काम मोठ्या चिकाटीचे. पुढे अँडर्स डेल आणि मार्टिन सेरेनो यांनी 1993 साली एम.आर.आय.वरून संगणकाकडून हा पडदा उभा करून घेण्याचा मार्ग दाखविला, आणि 1999 साली ब्रूस फिशल यांच्यासह त्यांनी संपूर्ण पद्धत दोन निबंधांत सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्यातूनच ‘फ्रीसर्फर’ नावाची संगणक-प्रणाली वाढली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी ती जोपासली आणि जगभरच्या अभ्यासकांना ती विनामूल्य मिळते.

ही प्रणाली काय करते ते थोडक्यात सांगतो. आधी ती कवटी आणि भोवतालचे भाग बाजूला काढते. मग प्रतिमेतला कमीजास्त उजेड सारखा करून पांढरा भाग एका ठरावीक उजळपणावर आणते. नंतर डावी आणि उजवी बाजू वेगळी करून, आतल्या पांढऱ्या भागाभोवती लहान लहान त्रिकोणांची जाळी विणते. ही झाली आतली सीमा. शेवटी ती जाळी बाहेर ढकलत करड्या भागाच्या वरच्या कडेला नेऊन टेकवते. ही झाली बाहेरची सीमा. दोन सीमांमधले अंतर म्हणजे पडद्याची जाडी. 2000 साली फिशल आणि डेल यांनी जाडी मोजण्याची ही रीत प्रसिद्ध केली. तिरप्या सुरीची जुनी अडचण इथे उरली नाही.

आता चुका कोठून शिरतात ते पाहा. पावसाळ्यात दमट झालेल्या पुस्तकाची दोन पाने एकमेकांना चिकटतात, तसे अरुंद खाचेचे दोन काठ प्रतिमेत चिकटतात. मधली फट एक मिलिमीटरहून लहान असली, तर एकाच ठोकळ्यात दोन्हीकडचा थोडाथोडा भाग येतो आणि संगणकाला फट दिसत नाही. तो तेथे पूल बांधून मोकळा होतो. उलटही घडते. एखाद्या बारीक वळीतला पांढरा धागा प्रतिमेत फिका पडला, तर संगणक त्याला करडा समजतो आणि धाग्यात भोक पडते. रोग्याच्या किंवा वृद्धाच्या मेंदूत पांढऱ्या भागावर डाग असले तर तीच गत. आणि बाहेरच्या बाजूला, कवटीखालचे जाड आवरण मेंदूला लागून असले, तर संगणक तेही बाह्यकात धरून टाकतो.

यांतले पूल आणि भोके शोधण्यासाठी ज्याची मदत झाली, तो गृहस्थ अठराव्या शतकातला आहे. त्याचे नाव लेओनार्ड ऑयलर. 1750 साली आपल्या मित्राला, गोल्डबाखला, लिहिलेल्या पत्रात त्याने एक चमत्कारिक गोष्ट कळविली. कोणतेही साधे, सपाट बाजूंचे घन घ्या. त्याच्या कोपऱ्यांच्या संख्येतून कडांची संख्या वजा करा आणि तीत बाजूंची संख्या मिळवा. उत्तर नेहमी 2 येते. ठोकळ्याचे कोपरे 8, कडा 12, बाजू 6. हिशेब 2. पुढे 1812–13 साली स्वित्झर्लंडच्या ल्युइलिए याने दाखविले की, वस्तूला आरपार भोक असेल तर हे उत्तर बदलते. तसबिरीची रिकामी लाकडी चौकट घ्या, जिच्या चारही कोपऱ्यांत तिरपे सांधे आहेत. तिचे कोपरे 16, कडा 32, बाजू 16. हिशेब शून्य! प्रत्येक भोकामागे 2 कमी होतात.

आता मेंदूच्या एका बाजूचा पडदा, त्याची उघडी कड मिटवून घेतली तर, गणिताच्या दृष्टीने एका फुग्यासारखा आहे. कितीही चुरगाळलेला असो, त्याला आरपार भोक नाही आणि कपासारखा कानही नाही. म्हणजे जाळीत समजा 1 लाख 50 हजार बिंदू आहेत, तर रेघा 4 लाख 49 हजार 994 आणि त्रिकोण 2 लाख 99 हजार 996 असलेच पाहिजेत. तरच उत्तर 2 येईल. उत्तर उणे 38 आले तर ओळखावे की या जाळीत 20 ठिकाणी भोक किंवा पूल आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका निर्मळ कुतूहलाचा असा उपयोग होईल, हे खुद्द ऑयलरच्या स्वप्नातही आले नसेल.

सुरुवातीला हे दोष माणसालाच एकेक थर पाहून हाताने काढावे लागत. 2001 हे वर्ष या बाबतीत मोठे गजबजलेले ठरले. फिशल, लिऊ आणि डेल यांनी जाळी फुग्यासारखी फुगवून गोलावर पसरण्याची युक्ती योजली. जेथे त्रिकोण एकमेकांवर चढतात, तेथे दोष आहे असे समजायचे आणि तेवढा तुकडा पुन्हा विणायचा. त्याच वर्षी शॅटक आणि लीही यांनी, तसेच क्रीगेस्कोर्ट आणि गोबेल यांनी आपापल्या निराळ्या पद्धती मांडल्या. 2002 साली शाओ हान, जेरी प्रिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आणखी एक पद्धत आली.

तेव्हा प्रश्न सुटला, असे तुम्ही म्हणाल. पण खरी मेख इथेच आहे. कपाला कान आहे. तो नको असेल तर दोन उपाय: कान तोडून टाका, किंवा कान आणि कप यांमधली पोकळी बुजवून टाका. दोन्ही उपायांनी ऑयलरचे उत्तर 2 च येते. गणित दोघांनाही सारखीच शाबासकी देते! पण मेंदूत या दोहोंचा अर्थ अगदी विरुद्ध आहे. खाचेवर खोटा पूल असेल तर तो कापला पाहिजे. बुजवले तर खरी खाच गाडली जाईल. वळीतल्या धाग्याला खोटे भोक असेल तर ते बुजवले पाहिजे. कापले तर खरी वळी छाटली जाईल. दोष आहे हे आकडा सांगतो. कापायचे की बुजवायचे हे तो सांगत नाही. 2007 साली सेगॉन, पाशेको आणि फिशल यांनी सुधारलेली रीत आणली. तीत संगणक अनेक पर्याय करून पाहतो, आणि मूळ प्रतिमेतला उजेड आणि वळ्यांचा एरवीचा आकार यांच्याशी सर्वांत जुळणारा पर्याय निवडतो. म्हणजे अखेर संगणकालाही गणितावर न थांबता मूळ पुराव्याकडे परत जावे लागले.

एवढ्यावरही काही चुका राहतातच, आणि तिथे माणूस बसतो. तो एकेक काप डोळ्यांखालून घालतो. पांढरा भाग सुटला असेल तर तेथे भर घालतो, नको तेथे आला असेल तर पुसतो. उजेड कमी पडल्यामुळे मोठा भाग गळला असेल, तर ‘हे नक्की पांढरेच’ अशा खुणेचे बिंदू मांडतो, आणि मग संगणकाला पुढचा हिशेब पुन्हा करायला सांगतो. या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हाताने भरलेल्या ठोकळ्यांवर 255 आणि हाताने पुसलेल्यांवर 1 असा आकडा पडतो, आणि मूळ प्रतिमा जशीच्या तशी राहते. म्हणजे कोठे हात लागला हे नंतर येणाऱ्या कोणालाही तपासता येते. जुन्या दस्तऐवजाची दुरुस्ती करणाऱ्यानेही मूळ अक्षर खरडून न टाकता दुरुस्ती समासात लिहावी, ही आमच्या शास्त्राची शिस्त याहून निराळी नाही.

तुम्ही विचाराल, एखादा पूल राहिला किंवा एखादी खाच बुजली म्हणून असे काय मोठे बिघडले? बिघडते, आणि बरेच बिघडते. 2002 साली रोझास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंटिंग्टनच्या रोगात बाह्यक ठिकठिकाणी पातळ होत जाते हे याच पद्धतीने दाखविले. 2004 साली सॅलट आणि इतरांनी वाढत्या वयाबरोबर होणारी झीज मोजली. या अभ्यासांत ज्या फरकांवर निष्कर्ष उभे असतात, ते पुष्कळदा मिलिमीटरच्या काही दशांशांचे असतात. जाळी तेवढीच सरकली तर रोग नसलेल्या ठिकाणी रोग दिसेल, आणि असलेला झाकला जाईल.

त्यात चुका सर्वांना सारख्या वाटून आलेल्या नसतात. 2015 साली रॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, तपासणीच्या वेळी डोके हलले तर बाह्यक आहे त्यापेक्षा पातळ मोजले जाते. आता सांगा, यंत्रात निश्चल पडून राहणे कोणाला अवघड? कंपवात झालेल्याला, घाबरलेल्या मुलाला, भ्रमिष्ट झालेल्या वृद्धाला. म्हणजे जो आजारी, त्याचाच नकाशा अधिक बिघडणार, आणि तो बिघाड आजाराच्याच दिशेने झुकणार. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर तीच प्रतिमा फ्रीसर्फरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना आणि निरनिराळ्या संगणकांना दिली असता मापे वेगवेगळी आली. तराजूच बदलले तर मालाचे वजन कोणाचे खरे मानायचे?

म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींनी काही पथ्ये मानली आहेत. एका अभ्यासात आरंभापासून शेवटपर्यंत प्रणालीची एकच आवृत्ती वापरावी. दुरुस्तीचे नियम आधी लिहून ठेवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढ्यातला मेंदू रोग्याचा की निरोग्याचा, हे दुरुस्ती करणाऱ्याला कळू देऊ नये. कारण एकदा ते कळले की सज्जन माणसाचाही हात नकळत अपेक्षेच्या बाजूला वळतो. फार बिघडलेल्या प्रतिमा सरसकट टाकून देणे हाही सोपा उपाय नव्हे. कारण त्यांबरोबर सर्वांत आजारी माणसेच अभ्यासातून बाहेर पडतात. 2018 साली रोझेन आणि सहकाऱ्यांनी असे दाखविले की, दुरुस्तीपूर्वीचा ऑयलरचा आकडा हाच प्रतिमेच्या दर्जाची चांगली खूण ठरतो. म्हणजे जो आकडा दोष लपवण्याआधी तपासायचा, तोच जपूनही ठेवायचा. दुरुस्तीनंतर प्रत्येक नकाशा 2 हेच उत्तर देतो आणि सारखाच निर्दोष दिसतो. किती ठिगळे लावली आहेत हे फक्त आधीचा आकडाच सांगू शकतो.

गेलनने गाढवाचे उदाहरण दिले आणि लोकांनी वळ्यांकडे पाहणेच सोडले. आज वळी न् वळी संगणकाच्या पडद्यावर रंगीत आणि गुळगुळीत दिसते, तेव्हा नेमका उलटा मोह होतो: इतके सुबक चित्र चुकीचे कसे असेल, असे वाटते. पण नकाशा सुबक आहे म्हणून मुलूख तसा होत नाही. वाचकहो, यापुढे एखाद्या वृत्तपत्रात अमुक सवयीमुळे किंवा तमुक रोगामुळे मेंदूचे आवरण पातळ होते, अशी बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा. नकाशा कोणी तपासला? आणि तपासताना, कोणाचा मेंदू पाहतो आहोत, हे त्याला ठाऊक होते काय? उत्तर मिळाले नाही तर बातमी खोटीच आहे असे मानू नका. पण तिच्यावर कोणाच्या आजाराचा निवाडाही करू नका.